बेबाबाईच्या नावे केलेली गोष्ट

मी, सुकदेव अभिमन पटवे, वय एकोणसत्तर, धंदा पटवेकाम व माश्या बांधणे, राहणार अमळनेर, जिल्हा जळगाव, आपल्यामागे कोणाला काय द्यायचे ते आज सांगून ठेवत आहे. मी चालताबोलता आहे. सकाळी स्वतःच्या हाताने दाढी केली, कुठे कापले नाही. चष्मा आहे, पण सुईत दोरा अजून एका दमात ओवतो. मला कोणी काही पाजलेले नाही, कोणी दम दिलेला नाही, आणि कोणी लाडीगोडी लावावी इतकी माझी इस्टेटही नाही. डॉक्टरांनी मात्र सांगितले की छातीचा एक ठोका मधूनच चुकतो. पटव्याच्या कामात एक गाठ चुकली की सगळा सर पुन्हा ओवावा लागतो. म्हणून वेळेवर हे लिहवून घेत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

सांगतो मी आणि लिहितात दस्तलेखक भाईदास. मधला बराच मजकूर मृत्युपत्रात शोभत नाही असे त्यांचे म्हणणे पडले. ते त्यांनी सात-आठ वेळा सांगितले. मी जसे सांगतो तसेच लिहावे अशी त्यांना विनंती केली आहे, आणि तीही त्यांनी नाराजीने येथे लिहून घेतली आहे.

कलम एक. घर.

सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत माझे घर आहे. पुढची खोली व ओटा, मधली खोली, मागची खोली, परसात मोरी आणि एक कडुलिंब. हे घर वडिलोपार्जित नाही. वडील जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिले. हे मी १९५२ साली स्वकष्टाने घेतले, त्यामुळे ते कोणाला द्यायचे हा पूर्णपणे माझा अधिकार आहे.

पुढची व मधली खोली चिरंजीव लीलाधर याला. मागची खोली, जिला गल्लीकडून वेगळे दार आहे, ती माझी धाकटी बहीण श्रीमती बेबाबाई जीवराम पटवे, राहणार धुळे, गल्ली नंबर पाच, हिला कायमची, मालकीहक्काने. कडुलिंब दोघांचा. पाला कोणी झाडायचा यावरून भांडण नको, म्हणून आत्ताच लिहितो: लीलाधरने.

बेबाबाई माझ्याशी अकरा वर्षे बोलत नाही. तिने ही खोली घ्यावी अशी माझी फार फार इच्छा आहे. ती का घेणार नाही हेही मला माहीत आहे. ते कलम सातमध्ये येईल. खरे सांगायचे तर हे सगळे मृत्युपत्र त्या एका कलमासाठी आहे. घर पहिले लिहायचे असते असे भाईदास म्हणाले, म्हणून ते पहिले लिहिले.

कलम दोन. धंदा.

पुढेमागे हा कागद कोर्टात गेलाच, तर न्यायाधीशसाहेबांना माझा धंदा कळावा म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

आम्ही पटवे. मणी, डोरली, पुतळ्या रेशमात ओवून देणे, गोंडे बांधणे, श्रावणात राख्या करणे, हे पिढ्यान्‌पिढ्याचे काम. १९३७ साली येथे जिनिंगची यंत्रे बसवायला एक गोरा इंजिनियर आला होता. उन्हाळ्यात सुट्टी घेऊन तो कुलूला मासे धरायला जाई. कुलूच्या थंड नदीत ट्राउट नावाचा मासा असतो. तो पाण्यावर पडलेल्या माश्या खातो. म्हणून त्याला फसवायला बारीक गळावर पिसे, रेशीम आणि कलाबतूची तार गुंडाळून खोटी माशी बांधतात. साहेबाच्या माश्या संपल्या होत्या, आणि विलायतेहून नव्या येईपर्यंत सुट्टी संपली असती.

तो रेशीम मिळते का पाहायला माझ्या तेव्हाच्या भाड्याच्या ओट्यावर आला. मी तेव्हा एका मंगळसूत्राचा गोंडा बांधत होतो. सगळे पटवे बांधतात तसाच, रेशमाचे एक टोक पायाच्या अंगठ्याला आणि दुसरे हातात. साहेब बराच वेळ माझ्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने खिशातून एक झिजलेली माशी काढून माझ्यापुढे ठेवली. मी तासाभरात तशाच तीन बांधल्या आणि चारही त्याच्या तळहातावर ठेवल्या. त्याची स्वतःची कोणती हे त्याला ओळखता आले नाही. त्या दिवशी मला जेवण गोड लागले.

साहेब १९४७ साली मायदेशी गेला. जाताना त्याने कुलूच्या धनसिंग ठाकूर या गळ-दोऱ्यांच्या दुकानदाराला माझा पत्ता दिला. तेव्हापासून धनसिंग गळ पाठवतो आणि मी त्यांवर माश्या बांधून परत पाठवतो. सत्तावीस वर्षांत आम्ही एकमेकांना पाहिलेले नाही. ट्राउटही मी पाहिलेला नाही. धनसिंगने एकदा फोटो पाठवला होता. त्यात धनसिंग स्पष्ट आला आहे आणि मासा हलला आहे. मी गळ्यात माळ घातलेला माणूस, मासा कधी तोंडात घातला नाही. ज्याला आयुष्यभर फसवले त्याची चवसुद्धा मला ठाऊक नाही, ही गंमत मी पुष्कळांना सांगितली आहे.

हा धंदा, धनसिंगची सर्व पत्रे आणि ओट्यावरची माझी बसायची जागा मी सूनबाई सौ. शेवंताबाई हिला देतो. लीलाधरला नाही. लीलाधर पाटबंधारे खात्यात कारकून आहे आणि कचेरीत सांगतो की वडील एक्स्पोर्टमध्ये आहेत. कुलू भारतातच आहे हे मी त्याला नकाशात दाखवले, तरी तो तसेच सांगतो.

शेवंताबाईचे एक देणे माझ्याकडे राहिले आहे, तेही येथे चुकते करतो. आठ वर्षांपूर्वी माझ्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा तीन महिने माश्या तिने बांधल्या. धनसिंगचे पत्र आले की पटवेजी, ऑपरेशनने तुमची नजर चांगलीच सुधारलेली दिसते, यंदाच्या माश्या पूर्वीपेक्षा सफाईदार आहेत. ते पत्र मी तिला दाखवले नाही. गादीखाली ठेवले होते, अजून तेथेच आहे. सूनबाई, ते काढून घे.

कलम तीन. साहित्य.

साहेबाने जाताना मला माशी धरण्याचा विलायती शिकंजा भेट दिला. टेबलाला पिळून बसवायचा, त्याच्या जबड्यात गळ धरायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे, अशी त्याची योजना. चीज उत्तम आहे. पण माझ्याकडे टेबल नाही आणि पायाचा अंगठा आहे. सत्तावीस वर्षांत मी तो दोनदा वापरला, दोन्ही वेळा सुपारी फोडायला. तो लीलाधरला. त्याच्या कचेरीत टेबल आहे, आणि पंख्याखाली कागद उडतात अशी त्याची नेहमीची तक्रार असते.

बाकी कात्र्या, सुया, मेणाचे गोळे, मोरपिसांचा भारा आणि रेशमाच्या लडी शेवंताबाईच्या.

कलम चार. कोंबडे व इंदरचंदशेठ.

परसात तीन कोंबडे आहेत. शिरपूरकडच्या डोंगरातल्या जातीचे, मानेवरची पिसे तांबूस आणि चिवट. माशीचे पाय त्याच पिसांचे होतात. या कोंबड्यांना कापू नये. त्यांनी म्हातारे होऊन मरावे, जसे त्यांच्या आधीचे मेले. पिसे झडतील तेव्हाच वेचावी.

हा नियम माझा नाही, इंदरचंदशेठचा आहे. इंदरचंद जैन आहेत, पेठेत त्यांचे रेशीम-कलाबतूचे दुकान आहे आणि ते छत्तीस वर्षे माझे मित्र आहेत. पहिली वीस वर्षे मी त्यांच्याकडून कलाबतू नेत होतो आणि ती दागिन्यांना लागते असे ते समजून होते. मीही समजू दिले. ती माशांच्या गळावर जाते हे कळले त्या दिवशी त्यांनी मला फक्त चहा दिला. दुसऱ्या दिवसापासून मला कलाबतू विकणे बंद. मी मागितली की म्हणायचे, माझ्याकडे नाही, समोरच्याकडे बघा. मी समोरच्याकडे जात असे. तो वजन करू लागला की इंदरचंद आपले दुकान सोडून तेथे येऊन उभे राहायचे आणि तराजूकडे बघत राहायचे. समोरच्याने मला कधी गुंजभरही कमी दिली नाही.

कोंबड्यांना मात्र ते रोज ज्वारी टाकतात. म्हणून तिन्ही कोंबडे मी इंदरचंदशेठना देतो. त्यांनी ते घरी नेऊ नयेत, येथेच राहू द्यावे, म्हणजे रोज आमच्या परसात येणे होईल. पण साक्षीदाराला काही देऊ नये असे भाईदास म्हणतात, आणि आज साक्षीदार म्हणून इंदरचंदच बसले आहेत. तर मग कोंबडे शेवंताबाईला देतो, आणि ज्वारी टाकण्याचा हक्क इंदरचंदशेठचा राहील. हक्क म्हणजे मालमत्ता का, यावर भाईदास विचार करीत आहेत.

कलम पाच. उखा भोई.

दुसरे साक्षीदार उखा नथू भोई. बोरी नदीत जाळे टाकून मासे धरणारे. त्यांना मी काही देत नाही. उलट माझे त्यांच्याकडे एक येणे आहे, ते म्हणजे मानाचे.

वीस वर्षांपूर्वी माझ्या माशीला बोरी नदीत काहीतरी लागेलच अशी आमची पैज लागली. बुरुजाखालच्या डोहात मी माझी सर्वात चांगली माशी टाकून सकाळपासून उन्हे डोक्यावर येईपर्यंत बसलो. उखा काठावर विडी ओढत होते. मासे येऊन माशीकडे बघायचे आणि जायचे. शेवटी उखा येथल्या माशांची आवड सांगत म्हणाले, "आप्पा, आठला मासा पीठनी गोळी खास, दागिना खात नही." मग त्यांनी हे वाक्य साऱ्या गावाला ऐकवले. आजही मी बाजारातून निघालो की कोणीतरी ते म्हणतो.

माझे म्हणणे एवढेच की मासा दागिन्याकडे बघायला तरी आला. उखाने माझ्या तेराव्याला हे चारचौघांत कबूल करावे. आत्ता हे वाचून दाखवले तेव्हा त्यांनी मान हलवली, पण होकारार्थी की कसे ते नीट दिसले नाही.

कलम सहा. शिल्लक.

पोस्टात जे आहे ते शेवंताबाईच्या नावे. लीलाधर, तुला पगार आहे.

कलम सात. गोष्ट.

माझ्याजवळ एक गोष्ट आहे. घर, धंदा, कोंबडे यांपेक्षा मी तिच्यावर जास्त जगलो. ती ऐकायला लोक पारोळ्याहून आले आहेत. लग्नांत मला ती सांगायला लावतात. ती येथे एकदाच, शेवटची, आणि पूर्ण खरी सांगतो.

१९६३ सालच्या श्रावणात मी दोन डबे भरले. एकात बारा डझन राख्या. त्या धुळ्याला बेबाबाईकडे जायच्या. तिचे यजमान जीवराम छातीच्या दुखण्याने दोन वर्षे खाटेवर होते आणि ती सणाला ओट्यावर बसून राख्या विकत असे. दुसऱ्या डब्यात बारा डझन माश्या. त्या कुलूला जायच्या. डबे एकाच मापाचे, बिस्किटांचे. ते कापडात शिवले, वर पत्ते घातले, एक पोस्टात दिला, एक एस.टी.त. पत्ते उलटे पडले होते. राख्या कुलूला गेल्या आणि माश्या धुळ्याला.

अकरा वर्षे मी सगळ्यांना सांगत आलो की कापड आमच्या कुटुंबाने, कै. भिकुबाईने, शिवले होते. तिने हे एकदाही खोडून काढले नाही, नुसती भाकरी थापत ऐकत राहायची. कापड मी शिवले होते. पत्तेही मीच घातले. ती जाऊन पाच वर्षे झाली. तिच्यावरचा हा आळ मी येथे काढून घेतो.

डबा उघडून बेबाबाईला वाटले, भावाने यंदा नवी फॅशन काढली. यात वेडेपणा काही नव्हता. रेशीम होते, कलाबतू होती, मोरपीस होते, आणि पाठवणारा मी होतो. दोरा नव्हता, त्याऐवजी खाली आकडा होता. म्हणजे ही राखी बांधायची नाही, बाहीत अडकवायची. तेव्हा टेरिलीनचे लांब बाह्यांचे शर्ट नुकतेच आले होते. गल्लीतल्या बायकांनी दीड दिवसात डबा रिकामा केला. पण गळाला उलटा काटा असतो. तो शिरतो सहज, निघत मात्र नाही. राखीपौर्णिमेला गल्ली नंबर पाचमधल्या भावांच्या मनगटांत माझ्या माश्या रुतल्या, आणि कंपाउंडर चिमटा घेऊन संध्याकाळपर्यंत घरोघर हिंडत होता. सर्वांत पहिली रुतली ती जीवरामांना. नमुना म्हणून मागे ठेवलेली ती माशी बेबाबाईने त्या सकाळी त्यांच्याच बाहीत लावून पाहिली होती.

तिकडे धनसिंगचे पत्र आले की ट्राउट राख्यांकडे बघतात आणि अदबीने बाजूला होतात.

धुळ्याची हकिकत मला बसच्या कंडक्टरकडून दुसऱ्याच दिवशी कळली आणि मी ती सांगू लागलो. मला गोष्ट चांगली सांगता येते. जीवराम ओरडले तो प्रसंग मी शेवटाला ठेवत असे. खाटेवरचा माणूस कसा उसळला, दम लागलेल्या आवाजात "आय माय वं" कसे म्हणाला, ते करून दाखवत असे. लोकांच्या डोळ्यांत हसून पाणी यायचे. तिसऱ्या दिवशी ओट्यावर सात-आठ जण बसले होते, मी जीवरामांचा आवाज काढत होतो, आणि वर पाहिले तर ओट्याखाली बेबाबाई उभी. धुळ्याहून आली होती. हातात रिकामा डबा. मी हसतच तिला म्हणालो, "ये वं बेबे, तुनीच गोट चालू शे."

तिने डबा ओट्यावर ठेवला आणि आली तशी परत गेली.

त्याच वर्षी मार्गशीर्षात जीवराम वारले. मी गेलो, खांदा दिला. ती बोलली नाही. पुढच्या श्रावणात तिची राखी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दर भाऊबिजेला मी धुळ्याला जातो. ती शेजारणीकडून मला पाणी देववते आणि आत भांडी घासत बसते. मी अर्धा तास बसतो आणि साडेचारच्या गाडीने परत येतो.

मी समजत होतो की गल्लीत तिचे हसे झाले आणि त्यात मीही हसलो, म्हणून ती रागावली. बाईमाणूस, निवळेल, असे मी म्हणत राहिलो. आणि गोष्ट सांगत राहिलो. जीवराम गेल्यावरही सांगितली. गेल्या दिवाळीत लीलाधरने पाहुण्यांना ती सांगितली आणि शेवटी तो आवाज काढला. माझ्यापेक्षा चांगला काढला. सगळे हसले. मला पहिल्यांदाच हसू आले नाही. माणूस केव्हाच गेला आणि त्याचे ओरडणे तेवढे आम्ही घरात ठेवून घेतले, असे वाटून मी ताटावरून उठलो. मला त्या क्षणी माझी लाज वाटली आणि ती अजून गेलेली नाही.

म्हणून ही गोष्ट, तिच्यातल्या डब्यांसह, गळांसह आणि जीवरामांच्या आवाजासह, मी आजपासून बेबाबाई जीवराम पटवे हिच्या एकटीच्या मालकीची करतो. ती तिने सांगावी, वाटल्यास पुरून टाकावी. तिच्या परवानगीशिवाय ही गोष्ट मी, लीलाधर किंवा आमच्या घरातल्या कोणीही यापुढे सांगू नये. गोष्ट मृत्युपत्राने देता येते का, असे मी भाईदासांना विचारले. त्यांनी लेखणी खाली ठेवून थोडा विचार केला आणि म्हणाले, अडवणारा कायदा माझ्या पाहण्यात नाही.

हे कलम आधीच कच्चे लिहवून त्याची नक्कल मी गेल्या सोमवारी बेबाबाईला पोस्टाने पाठवली आहे. उत्तर आलेले नाही.

कलम आठ. शेवट.

मला बोरीच्या काठी न्यावे. बँड नको. तेराव्याला गोड करावे. त्या दिवशी बेबाबाई आली, आणि तिची इच्छा असली, तर सगळ्यांसमोर तिने ही गोष्ट तिच्या मनासारखी सांगावी. नसली तर माझी काही तक्रार नाही.

पुरवणी. त्याच बैठकीत लिहिलेली.

वरील कलम आठ वाचून होत असताना बेबाबाई आली. अकराच्या धुळे गाडीने आली असावी. तिने पिशवी खाली ठेवली, साक्षीदारांना रामराम केला, माझ्याकडे बघितले नाही, आणि भाईदासांना म्हणाली, कलम सात पुन्हा वाचा. भाईदासांनी ते पहिल्यापासून वाचले. आवाजाचा भाग आला तेव्हा ते अडखळले. तिने त्यांना थांबू दिले नाही.

वाचून झाल्यावर ती माझ्याशी बोलली. अकरा वर्षांनी बोललेले तिचे शब्द जसेच्या तसे लिहावेत अशी मी भाईदासांना आज्ञा केली, आणि या वेळी त्यांनी हरकत घेतली नाही. ती म्हणाली, "भाऊ, तू हासना म्हनीसन माले राग वना, आसं तुले वाटस. तसं नही शे. मना मानूस हासना त्यादिन. दोन सालमा पहिलांदा हासना. तेच तुले सांगानं व्हतं माले, आनि तू त्याना आवाज काढी राहिंता."

एका दुकानाला पुरेल इतके मी आयुष्यभर बोललो, आणि माझी बहीण बारा कोस बस धरून, तिचा माणूस दोन वर्षांनी हसला ही आनंदाची बातमी सांगायला आली होती, ती मी ऐकली नाही. मी तिच्या पाया पडलो. ती धाकटी आहे, हे रीतीला धरून नाही, याची मला जाणीव आहे. बेबे, माझे चुकले. हे येथे लिहिले आहे आणि तोंडानेही सांगितले आहे.

मग तिने कलम आठवर हरकत घेतली. तिचे म्हणणे, "तेरावाले तू कोठे ऱ्हाशी आयकाले? मी आतेच सांगस." आणि तिने पदर खोचून, सुपारीचे खांड तोंडात टाकून गोष्ट सांगायला घेतली.

तिच्या गोष्टीत असे आहे की जीवरामांचा आवाज दम लागलेला मुळीच नव्हता. चांगला खणखणीत होता, तीन घरांपलीकडे ऐकू गेला. दोन वर्षांत तसा आवाज त्यांच्या तोंडून निघाला नव्हता, त्यामुळे ती घाबरण्याऐवजी खूश झाली. जीवरामांनी मनगटातल्या माशीकडे बघितले, मग तिच्याकडे, आणि म्हणाले, बेबे, तुला मोठा मासा लागला, आता सोडू नको. एवढे बोलून ते हसू लागले. हसता हसता खोकले, खोकून पुन्हा हसले. तीही हसली. तेवढ्यात मनगटात माशी घेऊन शेजारचे दोघे ओरडत दारात आले आणि जीवरामांना हसताना पाहून तेही तसेच उभे राहून हसले. कंपाउंडर आला तेव्हा त्या खोलीत बसायला जागा नव्हती. संध्याकाळपर्यंत त्या घरात कोणी आजारी आहे असे कोणाला वाटले नाही.

जीवरामांचा खरा आवाज कसा होता तो तिने काढून दाखवला. मी अकरा वर्षे चुकीचा काढत होतो. इंदरचंदशेठ उपरण्यात तोंड लपवून हसत होते. उखा भिंतीला टेकले. भाईदासांच्या हातून दौत सांडली, तिचा डाग या पानाच्या उजव्या कोपऱ्यात आहे, तो मागाहून केलेली खाडाखोड समजू नये.

यावरून कलम आठमधले गोष्टीचे वाक्य रद्द समजावे. ते काम झाले आहे. गोष्टीची मालकी कलम सातप्रमाणे कायम. मला ती यापुढे फक्त ऐकण्याची परवानगी बेबाबाईने दिली आहे.

मागच्या खोलीबद्दल तिने हो म्हटलेले नाही. मात्र ती आत जाऊन बघून आली आणि चूल उजव्या हाताला हवी होती असे म्हणाली. लीलाधर गवंडी शोधायला गेला आहे. भाऊबीज शनिवारी आहे. ती तोपर्यंत राहणार आहे, पुढचे पुढे.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष मी त्यावर सही करीत आहे.

ठिकाण: अमळनेर
तारीख: १० नोव्हेंबर १९७४, रविवार

सही: सुकदेव अभिमन पटवे

साक्षीदार:

१) उखा नथू भोई, राहणार अमळनेर. डाव्या हाताचा अंगठा. (मासा माशीकडे बघायला आला होता, हे मान्य.)

२) इंदरचंद, कापड पेठ, अमळनेर. सही दस्तुरखुद्द.

शेरा, इंदरचंद यांच्या हातचा: सुकदेवभाऊंची सही वाकडी आली आहे आणि आडनावावर पाण्याचा थेंब पडला आहे. त्यावरून पुढे कोणी शंका काढू नये. सही करताना बहीण शेजारी बसून दुसऱ्यांदा गोष्ट सांगत होती. मी समोर होतो. सुकदेवभाऊ पूर्ण शुद्धीवर होते. इतके शुद्धीवर मी त्यांना छत्तीस वर्षांत पाहिले नव्हते.